पलीकडच्या काठाची वही

११ जानेवारी

निवड झाली! विज्ञानाच्या बाई स्वतः घरी आल्या, दारातूनच ओरडत — "सर, झालं! आपलं तळं निवडलं गेलं!"

तीन आठवड्यांचं पर्यावरण शिबिर. दहा मुलं, एक शिक्षिका. सरोवराकाठच्या अभ्यास-केंद्रात राहायचं, पाणी तपासायला शिकायचं, पक्षी ओळखायला शिकायचं. दहांत आमची नातही आहे. बाईंना वर प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मिळणार. सहा वर्षं दर जूनला नव्याने नेमणुकीचं पत्र घेणारी ही पोरगी. प्रमाणपत्र असेल तर कायम करू, असं मुख्याध्यापक म्हणालेत.

"आणि सर, हे सगळं तुमच्या वहीमुळे. केंद्राचे लोक म्हणाले, इतकी जिवंत नोंद कुठल्याच शाळेची नाही."

माझ्या हातावर मिठाईचा तुकडा ठेवून वाकून नमस्कार केला. तो तुकडा अजून बशीत आहे. हिने विचारलं, "गोड कधीपासून सोडलंत?"

१२ जानेवारी

इथे तरी खरं लिहितो.

केंद्राची अट एकच होती — एका तळ्याची वर्षभर, रोज सकाळी नोंद. पाण्याची पातळी, बेडूक, चतुर, पक्षी. शाळेकडच्या काठावरून मुलं महिन्यातून एकदा बाटलीत पाणी भरून नेत. पलीकडचा काठ, झाडीतला, माझ्याकडे. निवृत्त माणूस, रोज फिरायला जाणारा. बाई म्हणाल्या होत्या, "तुमच्याशिवाय कोण, सर?" केवढा फुगलो होतो मी!

जूनपर्यंत गेलो. मग पायवाट निसरडी झाली, गुडघा कुरकुरू लागला. एक दिवस वाचनालयाच्या मागच्या पायऱ्यांवर टेकलो आणि लिहिलं — कालच्यासारखंच. एकच दिवस. दुसऱ्या दिवशीही एकच दिवस. तिथे कोवळं ऊन छान येतं.

आणि मग मजा वाटू लागली, ही खरी लाजेची गोष्ट. डोळे मिटले की माझ्या लहानपणचं तळं समोर यायचं. पाण्यावर वाकलेलं ते वाकडं झाड, त्याच्या शेंड्यावर खंड्या. चौथीच्या पुस्तकात तळ्याची कविता होती, तिच्यातही खंड्या होता. तोही उचलला. सहा महिने मी शाळेच्या वहीत आठवणी भरल्या आणि वर आकडे घातले. बेडूक — चौदा. चौदा का? ओळीत बरे बसत होते!

१५ जानेवारी

आज गेलो. काठी टेकत, पलीकडच्या काठापर्यंत.

वाकडं झाड नाही. खुंट आहे, करवतीने सपाट कापलेला, वरून काळा पडलेला. कापून बरेच महिने झाले असावेत. काठावर कुठल्या तरी घराची पाडलेली भिंत आणून टाकली आहे, विटा, फरशीचे तुकडे, अर्धं वॉशबेसिन. पाण्यावर हिरवट साय. तासभर बसलो. एक बेडूक नाही. कावळा आला, त्यालाही करमलं नाही.

तळं मरत होतं आणि मी पायऱ्यांवर बसून त्याची तब्येत उत्तम असल्याचं लिहीत होतो.

घरी आलो तर ही चपलांकडे बघत म्हणाली, "अगंबाई, चिखल! जूननंतर पहिल्यांदाच."

म्हणजे हिला ठाऊक होतं.

१६ जानेवारी

सांगायला म्हणून शाळेत गेलो. वर्गात दहाही जण वळकट्या बांधायचा सराव करत होते. कोणाची सुटत होती, कोणी वळकटीवरच बसलं होतं. बाई कमरेला ओढणी खोचून दोरीची गाठ शिकवत होत्या. मला बघून गलका — "कवितासर आले!"

एक चुणचुणीत मुलगी पुढे आली. "कवितासर, खंड्या मासा गिळताना डोळे मिटतो का हो?"

मी म्हणालो, "मिटतो."

मला काय माहीत! पन्नास वर्षांत खंड्या धड पाहिलेला नाही. तिने लगेच वहीत लिहून घेतलं.

१९ जानेवारी

केंद्राच्या निरीक्षक बाई चोवीसला तळं बघायला येणार. नेहमीची पद्धत म्हणे.

२१ जानेवारी

आज सांगणार होतो. नाही सांगितलं.

२२ जानेवारी

आजही नाही. शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन परत आलो. शिपाई म्हणाला, "काय सर, विसरलात काही?" म्हटलं, हो.

२४ जानेवारी

मी गेलो नाही. गुडघा दुखतो असा निरोप पाठवला. गुडघा दुखत नव्हता.

नातीने संध्याकाळी सगळं सांगितलं. निरीक्षक बाई वही उघडून काठावर उभ्या राहिल्या. "ते वाकडं झाड कुठलं? मागच्याच महिन्यात खंड्या बसला होता ते?" विज्ञानाच्या बाई इकडे बघतात, तिकडे बघतात. अर्धा तास काठाकाठाने शोधत फिरल्या, साडीला काटे, पाय चिखलात. शेवटी म्हणाल्या, "मीच तुम्हाला चुकीच्या जागी आणलं असणार. आमचे सर खोटं लिहिणार नाहीत."

आमचे सर!

ही विज्ञानाची बाई माझ्या वर्गात होती तेव्हा कविता पाठ व्हायची नाही तिची. बाकावर बोटं आपटत मात्रा मोजत बसायची. मी वर्गासमोर म्हणालो होतो, "अगं, कविता म्हणजे काय वाण्याचं दुकान आहे?" सगळे हसले होते. मोजणारी तीच होती. मी नुसता म्हणणारा.

निरीक्षक बाईंनी आठ दिवसांत लेखी खुलासा मागितला आहे. खुलासा आमच्या बाईंनी द्यायचा.

२५ जानेवारी



नातीला शाळेतून तापमानाचा तक्ता दिला आहे. खिडकीतल्या तापमापकावर सकाळी सात आणि दुपारी दोन. आज पाहिलं तर जेवणाच्या टेबलावर बसून ती भराभर चौकोन भरत होती. पुढच्या बुधवारपर्यंत!

"अगं, उद्याचं तापमान आज कसं कळलं तुला?"

"अंदाजाने, आजोबा. थोडं कमी, थोडं जास्त. सारखं एकच लिहिलं तर संशय येतो."

"हे कोणी शिकवलं?"

तिने पेन थांबवलं. चेहरा अगदी निष्पाप. "तुम्ही नाही का वाचनालयाच्या पायऱ्यांवर लिहायचात? मी शाळेत जाताना बघायचे ना."

"मग बोलली का नाहीस कोणाला?"

"मला वाटलं, तसंच करतात."

ही स्वयंपाकघरातून बाहेर आली, उभी राहिली आणि परत आत गेली. टोमणासुद्धा मारला नाही.

छत्तीस वर्षं शिकवलं. किती जणांना किती कविता लक्षात राहिल्या, देव जाणे. हा धडा मात्र न शिकवता पाठ झाला.

२७ जानेवारी

सांगितलं. बाईंना एकटं गाठून नाही, वर्गात, फळ्याजवळ उभं राहून, दहांसमोर. जिथे खोटं बोललो तिथेच. नात पहिल्या बाकावर होती.

म्हणालो, जूनअखेरपासून मी पलीकडच्या काठावर गेलो नाही. खंड्या नव्हता. झाड नव्हतं. बेडूक मी घातले. आणि खंड्या डोळे मिटतो की नाही, मला माहीत नाही.

त्या चुणचुणीत मुलीने वही उघडली, पान शोधलं आणि पट्टी लावून एक ओळ खोडली. त्या पट्टीचा आवाज!

बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. तशाच म्हणाल्या, "शून्य लिहायचं होतं सर. शून्यही चाललं असतं. त्यांना हिरवंगार तळं नको होतं, खरं तळं हवं होतं. झाड तोडलं त्याच दिवशी कळलं असतं तर मी नगरपालिकेत जाऊन बसले असते. भिंत तरी टाकू दिली नसती."

आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

२८ जानेवारी

केंद्राला पत्र पाठवलं. खुलासा माझा, सही माझी. बाईंना यातलं काहीही माहीत नव्हतं, असं दोनदा लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा एकही उपमा नसलेलं पत्र.

४ फेब्रुवारी

उत्तर आलं. चारच ओळी. नोंद ग्राह्य धरता येत नाही. जागा दुसऱ्या शाळेला दिली आहे. पुढच्या वर्षी नव्याने अर्ज करता येईल — संपूर्ण वर्षाच्या नोंदीसह.

नातीने वळकटी सोडली. चादर घडी करून कपाटात ठेवली, माझ्याकडे न बघता. तापमानाचा तक्ता मात्र टराटरा फाडला आणि नवा आखायला घेतला.

५ फेब्रुवारी

बाजारात बाई समोरून आल्या. मान खाली घालून पलीकडच्या बाजूने गेल्या. लाज मला वाटायला हवी, मान त्यांनी खाली घातली. मुख्याध्यापकांनी कायम करण्याचा विषय बाजूला ठेवल्याचं शिपायाकडून कळलं.

हिला म्हटलं, "आता मी काय करू?" म्हणाली, "मला काय विचारता? गुडघ्याला विचारा."

६ फेब्रुवारी

नवी वही आणली. रेघी, दोनशे पानी. ही गुडघ्याला तेल चोळून देते आहे. "हळू जा. घसरलात तर तेही लिहा."

७ फेब्रुवारी

पलीकडचा काठ. सकाळी सहा चाळीस. खुंटावर बसून वहीत लिहिलं ते इथे उतरवतो.

पाणी — काठीच्या तिसऱ्या खुणेखाली. बेडूक — शून्य. चतुर — शून्य. खंड्या — शून्य. झाड — खुंट. मोजणारे — एक.

मागून आवाज आला. "सर, शेवटचा आकडा चुकलाय. परत मोजा."

वळून पाहिलं. विटांच्या ढिगाऱ्यावरून पुढे बाई आणि मागे मुलं, एकामागून एक उतरत होते. सगळ्यांत मागे नात, हातात तापमापक.

परत मोजले. बोटं आपटत, एकेक करून.

मोजणारे — बारा.