खारट चहा

प्रिय जवेरिया,

'प्रिय' हा शब्द दिपालीचा. मी तुला आजवर उंटीण म्हटलं, अवदसा म्हटलं, प्रिय कधी म्हटलं नाही. पण शेजारची ही दिपाली अंगणवाडीत पोरांना शिकवते, तिच्यापुढे माझं काय चालणार. मी बोलते, ती लिहिते, आणि मग कागदाचा फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवणार आहे. ती माझंच लिहिते की स्वतःचं, हे कळायला मला मार्ग नाही. मध्येच कुठे शहाणपणा दिसला तर तो तिचा समज. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तू "हो दादी, हो दादी" करतेस आणि ठेवून देतेस. कागदाला तसं करता येत नाही.

इथे सगळे बरे आहेत. तुझी अम्मी तुझ्यासाठी सुकट-बोंबील भरून ठेवते आहे. तिकडे चंद्रपूरला चांगले बोंबील मिळत नाहीत म्हणे. असल्या मुलखात माणसं राहतात तरी कशी? गावात ज्याची त्याची पोरं कुवेतला नाहीतर दुबईला, त्यामुळे बायका मला मुद्दाम विचारतात, तुमची जवेरिया कुठे असते? मी सांगते, आमची रोज जमिनीखाली जाते, कोळशाच्या खाणीत, आणि पगार घेऊन वर येते. मग पुढचं कोणी विचारत नाही.

तुझं काम तू मला गेल्या ईदला घावनांवर समजावलं होतंस, आठवतं? घावनांची चळत. वरची घावनं म्हणजे वाळूचा दगड, मधलं करपलेलं म्हणजे कोळसा, आणि वरून ओतलेला नारळाचा रस म्हणजे जमिनीतलं पाणी. घावनाला जाळी असते तशी दगडालाही बारीक फटी असतात, त्यातून रस कुठे मुरतो ते बघायचं, एवढ्याचा तुला पगार. करपलेलं घावन तू माझ्याच माथी मारलंस, ते वेगळं. तुमच्या खाणीला लागून एक जुनी खाण आहे, कोळसा काढून बंद केलेली, आता पाण्याने काठोकाठ भरलेली. दोघींच्या मध्ये फक्त कोळशाची भिंत. तुमची माणसं कापत कापत त्या भिंतीकडेच चाललीत. म्हणून तू वरून जमिनीत नळ्या सोडल्यास आणि त्यांतलं पाणी मोजत बसलीस.

आता तुझ्या अब्बांकडून कळलं की नळ्यांतलं पाणी उतरत चाललंय. ते फटींतून आपल्याच बाजूला येतंय, आधी लांबून भोक पाडून जुन्या खाणीचं पाणी काढा, मग कापा, असं तू सांगितलंस आणि काम थांबलं. साहेब म्हणतो, भिंत हाताला कोरडी लागते, पोरगी घाबरली. कामगारांची तोंडं वाकडी. कँटीनमध्ये तुझ्या बाकावर कोणी बसत नाही. सोमवारी मीटिंगमध्ये तुला पुन्हा विचारणार आहेत. खरं ना?

आता विहिरीचं ऐक. आपल्या वाडीच्या पलीकडे समुद्र. विहिरीत गोडं पाणी वर, खारं त्याच्या खाली टपून बसलेलं. उपसा जास्त झाला की ते वर येतं. म्हणून उन्हाळाभर सकाळी चहाच्या आधी घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईने विहिरीचं एक घोट पाणी प्यायचं. तिने गोडं म्हटलं तर पंप चालू. मचूळ म्हटलं तर त्या दिवशी पंप बंद, मग सुपारी सुकली तरी चालेल. तुझे वली दादा बटणावर बोट ठेवून माझ्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. आमच्या लग्नात त्यांनी माझ्याकडे एवढं बघितलं नव्हतं. तुझ्या अब्बांच्या निकाहच्या सकाळी मांडव भरलेला, देगा चुलीवर, आणि मी म्हटलं, मचूळ. पाणी बाहेरून आणावं लागलं. सोयरे अजून बोलतात. विहीर गोड राहिली, पण त्याबद्दल शाबासकी कोणी दिली नाही. काही बिघडलंच नाही तर शाबासकी कशाची?

या वर्षी मी रोज गोडं म्हणत होते, पंप चालत होता. परवा ही दिपाली आली, चहाचा घोट घेतला आणि तुझ्या अम्मीला विचारते, फिरोजाभाभी, साखरेऐवजी मीठ पडलं का? तुझी अम्मी अब्बांकडे बघायला लागली, अब्बा छताकडे. कितीतरी दिवस घर खारट चहा पीत होतं, बाई. सुपारीच्या रोपांची पानं कडेने करपली, तर अब्बांनी उन्हावर ढकललं. दादीने गोडं म्हटलंय ना, मग बोलायचं कोणी? आधी मला राग आला, मग हसू आलं. त्यांनी पाठ फिरवल्यावर मी मिठाचा खडा जिभेवर ठेवला. वाळू. नुसती वाळू. डॉक्टर म्हणतो, वय झालं आणि गोळ्याही फार झाल्या.

काल तू अब्बांना फोनवर म्हणालीस की माझंच चुकलं असेल, सोमवारी शब्द मागे घेते. मी झोपले नव्हते. म्हणून हा कागद. माझ्या घरच्यांनी माझं मन राखलं आणि विहीर खारी होऊ दिली. तू साहेबाचं मन राखू नकोस. भोक पाडून काहीच निघालं नाही तर लोक हसतील, हसू दे. पण त्यांच्या वाकड्या तोंडांकडे बघून तू गोडं म्हटलंस, तर त्या भिंतीपाशी उभी राहतील ती हीच वाकडी तोंडं. पंप आता बंद आहे, विहीर कदाचित परत येईल. बकरी ईदला ये, खारेपणा मोजायचं तुमचं काहीतरी यंत्र असेलच, ते घेऊन ये. यापुढे गोडं की मचूळ ते तू सांगायचंस. माझ्यानंतर घरात तुझी अम्मी मोठी आहे, पण ती मला बरं वाटावं म्हणून समुद्रालाही गोड म्हणेल. तू लांब असशील तेव्हा दिपाली मोजून कळवेल. आणि सोमवारी आधी जे आहे ते बोल, मग चहा पी. आपल्या घरात असाच क्रम आहे.

तुझीच,
जीभ गेलेली पण तोंड शाबूत असलेली
दादी