वाटेवरची माणसं

वाडी, ता. इंदापूर
९ मे १९९४

चि. सिद्धूस, आक्काचे अनेक आशीर्वाद.

हितं सगळी खुशाल. तुझे दाजी मेंढरं घेऊन कोकणातून परतीच्या वाटेला लागलेत. बातमी मात्र वाईट हाय. वाडीच्या शाळेला पाचवीचा वर्ग मिळणार न्हाय. एक्क्याण्णवच्या शिरगणतीत आपली माणसं कमी भरली म्हणं. निम्मी वाडी कागदावर न्हायच! मतं मागायला येतात तवा बरी सगळी सापडतात.

छकुली चौथी पास झाली. पुढची शाळा हायवेपलीकडं. ट्रकांमधनं एकटी पोर कशी धाडू? सासूबाई म्हणतात, दिवाळीनंतर कोकरं राखायला वाटेला लावा तिला. तू बारामतीत भाषणं ठोकून टाळ्या घेतोस, एक इंदापुरात ठोक की.

तुझ्या बायकोला, लीलाला, आशीर्वाद. लोभ हाय तसाच ठेव, आणि त्याला जरा कामाला लाव.
तुझी आक्का


बारामती
२१ मे १९९४

तीर्थरूप आक्कास, सिद्धूचा साष्टांग नमस्कार.

गेलो होतो. तहसील कचेरीच्या पायरीवर उभा राहून बोललो. म्हटलं, जिथं उसाच्या मोळीमोळीचं वजन होतं तिथं माणसं मोजायची राहतात कशी? स्टँडवरची गर्दी लोटली, टाळ्या पडल्या. साहेबांनी आत बोलावून चहा पाजला आणि सांगितलं, की गणतीचे गुरुजी वाडीवर आले तेव्हा घरांना कुलपं होती. तुमच्याच बहिणीला विचारलं, बाहेर किती माणसं गेलीत? सांगितली असती तर काही करता आलं असतं. त्या म्हणाल्या, वाटेवरची माणसं मोजत नाहीत.

खरंखोटं तेच जाणोत, पण माझी मान खाली गेली. मेंढरं मोजू नयेत, माणसं मोजू नयेत, दृष्ट लागते! आक्का, दृष्ट लागायला आधी सरकारच्या दृष्टीस तरी पडावं लागतं. या अडाणीपणावर मी पुढच्या सभेत बोलणार आहे. नाव घेणार नाही.

राग मानू नये. माया पातळ होऊ देऊ नये.
सिद्धू


वाडी
८ जून १९९४

चि. सिद्धूस, आशीर्वाद.

पत्र आपल्या किराणावाल्या लियाकतच्या दुकानात उभ्यानं वाचलं. आधी राग आला, मग रडू. व्हय, न्हाय सांगितलं. आई तुझ्या वेळी गरोदर असून मेंढरांमागं वाटेवर होती. ती परत येईतो आजीनं घरची माणसं मोजली न्हाईत. म्हणून तू जगलास, असं आई मरेतो म्हणायची. तुला हसू येईल. मला तवा भ्या वाटलं होतं. चूक माझी, पण तीन वर्षांत दुसऱ्यांदा विचारायला एकाही साहेबाला वाडीची वाट सापडली न्हाय?

परवा मेंढरांमागं गेलेला वाडा, सगळ्या माणसांसकट, परत आला. वेशीत उभी राहून मी एकेक माणूस बोट लावून मोठ्यानं मोजला. सासूबाई अजून बोलत न्हाईत. तुझे दाजी म्हणाले, आता मोजून काय उपयोग? खरंच, कुणी विचारतंय का?

बाकीच्या पोरी दिवाळीनंतर कोकरांमागं जातीलच. त्यांच्यासाठी बोल सभेत, माझं नाव घेऊन बोल. छकुलीसाठी मात्र बोलू नकोस. ती सोमवारी लियाकतच्या टेम्पोतनं तुझ्याकडं येतीय. दप्तर तिचं हाय, भाकरी बांधून देते. अंथरूण तू दे, पाचवीत नाव तू घाल.

लोभ पत्रात नको, घरात असू दे. आणि दारात येऊन कुणी विचारलं, घरात माणसं किती, तर तीन सांग. मोठ्यानं.
आक्का