बाभळीवरची तुमची शीळ

अण्णा, यंदा चैत्रात मळ्यातल्या घरी तुमची शीळ ऐकू आली. भर दुपार होती. मी ओसरीवर वाळत घातलेल्या कुरडया पालटत होते, आणि विहिरीच्या बाजूनं ती आली. दोन चढते सूर, मग लांबलेला तिसरा, आणि शेवटी तुमच्या पडलेल्या दाताच्या फटीतून निसटायची तशी थोडी हवा. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. मी काही बोलायच्या आत माय खाटेवरून उठली, भिंत धरत धरत चुलीपाशी गेली आणि तिनं तवा ठेवला. "ते आले," एवढंच म्हणाली. मायचं गेल्या दोन वर्षांपासून असंच आहे. कधी मला तिची बहीण समजते, कधी तुमच्या धाकट्याला पाहुणा समजून चहा विचारते. पण शीळ मी पण ऐकली होती.

तुम्ही मोजणी खात्यात होता. सकाळपासून लोकांच्या बांधांवरून साखळी ओढत फिरायचात, आणि घरी येताना वळणावरूनच शीळ घालायचात, म्हणजे मायनं तवा टाकावा. आम्हाला तुम्ही नावानं हाका मारायचात. शीळ फक्त तिच्यासाठी होती. पाखरांची ओळख तुम्हाला त्या बांधांवरच झाली. मी दहा वर्षांची आहे, तुमच्या पाठीला पाठ लावून ओसरीवर बसले आहे आणि तुमच्या वहीत दिसलेली पाखरं लिहिते आहे : तांबट, वेडा राघू, सातभाई, कोतवाल. चिंचेतून पावशा ओरडतो. मी 'पावशा' लिहिते. तुम्ही विचारता, "दिसला का?" मी म्हणते, नाही, पण आवाज त्याचाच आहे. तुम्ही पेन घेऊन त्या नावावर आडवी रेघ मारता. "आवाज कुणाचा बी असू शकतो. दिसल्याबिगर नाव घ्यायचं नाय." माझ्या डोळ्यांत पाणी येतं. पुढच्या आठवड्यात तुम्ही शहागंजच्या बाजारातून एक जुनी दुर्बीण आणता. तिची एक काच तडकलेली आहे, त्यामुळं प्रत्येक पाखराच्या अंगावरून एक केस गेल्यासारखा दिसतो.

तीच दुर्बीण घेऊन मी तीन रविवार विहिरीपाशी बसले. मुकुंदवाडीच्या माझ्या घरून पहाटेच निघायचं, फुलंब्रीला उतरून पुढं रिक्षा करायची. पहिल्या रविवारी वाटलं, दयाळ असेल, तो शीळ छान घालतो. पण दयाळ चिंचेवर गप्प बसलेला होता आणि शीळ त्याच्या मागून आली. दुसऱ्या रविवारी साळुंकीवर संशय घेतला. तिसऱ्या रविवारी तो दिसला. विहिरीवर ओणवलेल्या बाभळीच्या शेंड्यावर बसला होता. राखाडी डोकं, तांबूस पाठ, लांब शेपटी, आणि डोळ्यांवरून गेलेली काळी पट्टी, जणू कुणी डोळे बांधले आहेत. नकल्या खाटीक. खालच्या काट्यांना त्यानं नाकतोडे टोचून ठेवले होते, एक सरड्याचं पिल्लू होतं, त्याचा पाय अजून हलत होता. त्यानं आधी टिटवी काढली. मग कुत्र्याच्या पिलाचं केकाटणं. मग माझ्याकडं मान वळवून तुमची शीळ घातली, शेवटच्या हवेसकट. मी घड्याळ पाहिलं. दीड वाजला होता, तुमची जेवायला यायची वेळ.

नाव कळलं की भीती जाते असं मी वर्गात मुलांना सांगते. इथं उलटं झालं. एवढंसं पाखरू चौदा वर्षं जगेल असं मला वाटत नाही. मग त्याला ही शीळ कुणी शिकवली? त्याच्या बापानं? आणि त्याला त्याच्या बापानं? म्हणजे तुम्ही गेल्यापासून दर उन्हाळ्यात इथं कुणी ना कुणी मायला बोलावत होतं, आणि ती एकटीच ऐकत होती. आम्हाला ती कधीच काही बोलली नाही.

मग वैशाखात माय सापडेना. धाकट्याचा फोन आला, मी शाळेतून तशीच निघाले. पोचले तोवर ती सापडली होती. कठडा नसलेल्या विहिरीच्या काठावर, बाभळीखाली, पाय आत सोडून बसली होती. मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी. धाकट्यानं मागून जाऊन तिला कवेत धरलं तेव्हा म्हणाली म्हणे, "सोड, खाली उतरलेत ते. तिथून शीळ घालायलेत." विहिरीत आवाज घुमतो हे मला कळतं. तरी मी आत वाकून पाहिलं.

संध्याकाळी धाकटा म्हणाला, "ताई, बाभळ तोडतो. झाड राहिलं तर माय राहायची नाय."

मी म्हणाले, "तोड."

अण्णा, बाभळीत घरटं होतं. दुर्बिणीतून मी ते पाहिलं होतं, उघड्या चोचीही पाहिल्या होत्या. धाकट्याला ते माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो पंधरा दिवस थांबला असता, आणि ते पंधरा दिवस मला नको होते. झाड पडलं तेव्हा खाटकाची जोडी शेताच्या धुऱ्यावरच्या तारेवर बसून होती. दोघंही ओरडली नाहीत. दुसऱ्या दिवशी ती जोडी तिथं नव्हती.

शीळ थांबली आणि मायनं जेवण सोडलं. ताट सरकवायची आणि दाराकडं पाहायची. "आज मोजणी लई लांब हाय का?" असं धाकट्याला विचारायची. तीन दिवस पोटात नुसतं पाणी. चौथ्या दिवशी शाळेला सुट्टी लागली, मी मळ्यात राहायला आले. दीड वाजता गोठ्यामागं जाऊन उभी राहिले आणि तोंडाचा चंबू केला. मला शीळ घालता येत नाही, तुम्हाला माहीतच आहे, तुम्ही हसायचात. पण पहिल्याच फुंकरीला ती बरोबर आली. माझे सगळे दात शाबूत आहेत, तरी शेवटची हवा निसटली. आत तवा वाजला. माय त्या दिवशी दीड भाकर जेवली.

आता रोजचं झालं आहे. धाकटा म्हणतो, "जेवते ना ती, मंग झालं." तो त्या वेळी शेतात निघून जातो, माझ्याकडं बघत नाही. शाळा उघडल्यावर काय करायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणूनच एक गोष्ट लिहून ठेवते, धाकट्याला सांगितलेली नाही. काल शीळ घालून मी आत आले, तर मायनं डोक्यावरचा पदर सावरला. माझ्यापुढं ताट ठेवलं आणि मान खाली घालून विचारलं, "लई उशीर केलात?" माय, मी हाय, असं मला म्हणता आलं असतं. मी पाटावर बसले आणि म्हणाले, "मोजणी लांबली."