खोबरेलाचा बोळा

मालवण, शुक्रवार, १८ नोव्हेंबर १९८८

काल वायरी उलट्या लावून मदरबोर्ड मीच जाळला. कोर्ससाठी महिनाभर जुने भाग जमवून जोडलेला कॉम्प्युटर गेला. घरात बोलले नाही.

आज कॉलेजातून आले तर खोलीत खोबरेलाचा वास. आईने शिलाई मशीनसारखा कॉम्प्युटरवरही तेलाचा बोळा फिरवला होता. "खाऱ्या वाऱ्यान गंज धरता गो."

मी बटण दाबलं. का दाबलं? चालू होणार नाही, माहीत होतं ना.

तिचा चेहरा उतरला. "तो माझ्यामुळे बिघडलो?"

नाही म्हणायला हवं होतं. मी वाकून प्लग काढला. रडूही येत नाही. बोटांना अजून खोबरेलाचा वास आहे.

जेवताना बाबांसाठी ठेवलेली सुरमईची मधली तुकडी तिने मला वाढली. मी खाल्ली.