दोनशे दहा हर्ट्झच्या आसपास

४ जून, संध्याकाळ

झालं ते असं:

१. बाबा शुक्रवारी निवृत्त झाले. सगळी नोकरी त्यांनी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात काढली.
२. शनिवारी मी त्यांना निवृत्तीचा आराखडा करून दिला. सकाळी फिरणं, दुपारी कपाटं आवरणं, संध्याकाळी घरी माझ्याबरोबर बुद्धिबळ.
३. बाबांनी तो वाचला, रकाने छान सरळ आलेत म्हणाले, आणि कागदाच्या मागच्या बाजूला बागेतल्या फुकट कार्यक्रमांच्या वेळा उतरवून घेतल्या.
४. तेव्हापासून संध्याकाळी ते घरात नसतात.
५. आज ते गेल्यावर घरात आवाज आला.

चौथ्या आणि पाचव्या मुद्द्याचा एकमेकांशी संबंध नाही. आवाज हलका होता, तोंड मिटून कुणी गावं तसा. मी मान वर केली आणि तो थांबला. कारखान्यांमधला गोंगाट मोजणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे, तेव्हा घाबरण्याचा प्रश्न नाही. फ्रिज असणार.

दिवे जरा लवकर लावले. रिपोर्ट लिहायला उजेड लागतो.

७ जून

फ्रिज बंद करून काम केलं. आवाज आलाच. नंतर फ्रिज चालू करायचा राहिला. दूध नासलं, भाज्या मलूल झाल्या. बाबांनी काळा चहा घेतला आणि वाचनालयात व्हायोलिन ऐकायला गेले.

फ्रिज निर्दोष आहे. यापुढे अंदाज नाहीत, फक्त मोजणी.

९ जून

बाबांना पाइपांबद्दल विचारलं. त्यांनी स्वयंपाकघरातल्या पाइपवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. पंपघरातही ते असेच बिघाड ओळखायचे. पाण्याचा नाही हा आवाज, म्हणाले. मग कशाचा, असं विचारलं तर बूट घालायला लागले.

बागेत त्यांचं टोळकं जमलं आहे. म्होरक्या एक निवृत्त पोस्टमास्तर. फुकट असेल ते सगळं ऐकायचं, असा यांचा नियम. परवा शाळेत पियानोचे सूर जुळवायला माणूस आला होता, तर ही सगळी पेन्शनर मंडळी त्याच्यासमोर खुर्च्या टाकून बसली आणि काम संपल्यावर टाळ्या वाजवल्या. तो बिचारा गोंधळला, पण वाकून नमस्कार करून गेला.

बाबांना संगीताची आवड कधीच नव्हती. आईनं रेडिओ लावला की ते बातम्या कधी आहेत ते विचारायचे. म्हणजे ते संगीताकडे जात नाहीत, घरातून जाताहेत. तो आवाज त्यांनाही येतो.

१२ जून

रेकॉर्डर टेबलावर ठेवून रिपोर्ट लिहिला. आवाज सापडला. दोनशे दहा हर्ट्झच्या आसपास, पण स्थिर नाही. हळूच चढतो, उतरतो, मध्ये दम घेतल्यासारखा तुटतो. यंत्रं दम घेत नाहीत.

टेबल आईचं आहे. दातांच्या डॉक्टरांसाठी ती घरी कवळ्या बनवायची. घासताना, पॉलिश करताना स्वतःशी गुणगुणायची. तिला जाऊन दीड वर्ष झालं. हे केवळ पार्श्वभूमी म्हणून लिहून ठेवलं.

निष्कर्ष काढलेला नाही. एका नमुन्यावरून काढत नाहीत.

१३ जून

बाबा आज सकाळीच टोळक्याबरोबर बाहेर पडले, म्हणून दिवसभर रेकॉर्डर रिकाम्या घरात चालू ठेवला आणि ऑफिसला गेले. संध्याकाळी ऐकलं. दिवसभर काही नाही. खालच्या मजल्यावरचं कुत्रं, एक मोटारसायकल, बाकी शांतता. मग कुलूप, माझी पावलं, खुर्ची ओढल्याचा आवाज. आणि थोड्या वेळानं तो.

म्हणजे मी घरात आले, हे त्याला कळतं.

मी भुतं मानत नाही. अंथरूण बाहेरच्या खोलीत आणलं, कारण तिथं वारा चांगला लागतो.

१६ जून, रविवार

आत्या आली होती. बाबा नेहमीप्रमाणे बागेत. ती स्वयंपाकघरात भाजी चिरत होती, मी टेबलापाशी आलेख काढत होते. एकदम सुरी हातात घेऊन दारात उभी. डोळे भरलेले. "वहिनीच वाटली गं क्षणभर," म्हणाली.

मी विचारलं, आवाज कुठल्या दिशेनं आला. ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिला पाइपमधली हवा कशी कंप पावते ते चित्र काढून समजावलं. तिनं चित्र पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. तू बापावर गेलीस असंच आम्ही इतकी वर्षं म्हणत होतो, असं काहीतरी पुटपुटली आणि भाजीकडे वळली.

आत्या फार हळवी आहे. तिची साक्ष धरता येत नाही.

तिच्याकडूनच कळलं की बागेच्या फाटकासमोर पोस्टमास्तरांचं घर आहे, त्यातली वरची खोली रिकामी आहे आणि ती त्यांनी बाबांना राहायला देऊ केली आहे. हो की नाही ते बाबांना येत्या रविवारी सांगायचं आहे. मला सांगायचं ते विसरले असतील. कार्यक्रम फार असतात.

माझी हरकत नाही. मोठा माणूस आहे, कुठंही राहील. फक्त रविवारच्या आत आवाजाचा बंदोबस्त करायचा. आवाज गेला की घर सोडायला कारणच उरत नाही.

१८ जून

बागेत बँडच्या कार्यक्रमाला गेले. बाबांवर नजर ठेवायला नाही. तुलनेसाठी दुसरी जागा हवी होती.

शेवटच्या रांगेत बसले, रेकॉर्डर मांडीवर. बाबा दुसऱ्या रांगेत पोस्टमास्तरांच्या शेजारी. त्यांनी मला पाहिलं नाही. एका क्लॅरिनेटवाल्याची टोपी उडून ढोलावर पडली आणि पुढच्या रांगांतले लोक मागच्यांकडे वळून हसले. त्यातले निम्मे दात आईनं केलेले. तिचं काम मला ओळखू येतं. पुढचे दोन ती कधीच अगदी सरळ बसवायची नाही, खरे वाटले पाहिजेत म्हणायची. एवढ्या तोंडांमधून ती एकदम हसली. मी मान खाली घालून मोजमापं लिहू लागले.

नंतर एक संथ धून झाली. माझ्या पुढच्या बाई दोनदा मागे वळल्या. म्हणजे त्यांनाही काहीतरी ऐकू आलं असणार.

घरी येऊन तपासलं. क्लॅरिनेटच्या खाली तो आहे. क्लॅरिनेटपेक्षा कितीतरी जवळ. रेकॉर्डरपासून फार तर हातभर. माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

तो घरात नाही. तो माझ्याबरोबर येतो.

१९ जून

बाबांना बूट घालायच्या आधी गाठलं. आलेख मांडले. म्हटलं, आईशी याचा संबंध जोडू नका, पण काहीतरी आहे आणि ते माझ्या मागे फिरतंय. खोलीची घाई करू नका, महिनाभरात मी याचा छडा लावते.

बाबांनी आलेख उलटसुलट करून पाहिले. ऐकव, म्हणाले. हेडफोन लावून डोळे मिटून बसले, पाइपवर हात ठेवल्यासारखे. बराच वेळ. मग हेडफोन काढून नीट घडी करून ठेवले.

"अगं, ही तू आहेस."

मी सांगितलं की उपकरण प्रमाणित आहे, त्यात चूक होत नाही. तेच म्हणतोय मी, ते म्हणाले.

"कामात असलीस की गुणगुणतेस. ती गेल्यापासून. मान वर केलीस की थांबतेस."

मला का नाही सांगितलं, असं मी विचारलं. आवाज जरा मोठा झाला असावा.

"सांगितलं असतं तर तू बंद केलं असतंस. मला ते ऐकवत नाही, पोरी. आणि बंद पडलेलंही ऐकवलं नसतं. नोकरी होती तोवर पंपांच्या घरघरीत दिवस जायचा. आता तिकडं जाऊन बसतो." बूट घालता घालता म्हणाले, बँड तसा काही फार चांगला नाही.

२० जून

सगळी रेकॉर्डिंग पुन्हा तपासली. माझाच आहे. कारखान्यांच्या जुन्या फायलीसुद्धा उघडल्या. तिथंही, यंत्रांच्या खाली. ते रिपोर्ट ग्राहकांनी स्वीकारलेले आहेत.

खात्री म्हणून मुद्दाम गुणगुणून पाहिलं. मिक्सरसारखं आलं. रिपोर्ट लिहायला बसले तर सगळं लक्ष स्वतःच्या घशाकडे. घर गप्प आहे. पंधरा दिवस इथं कुणीतरी होतं. आता मी एकटीच आहे.

बाबा बागेत गेले आहेत. त्यांना फोनवर निरोप पाठवला, तो असा:

बाबा, रविवारी तुम्हाला पोस्टमास्तरांना उत्तर द्यायचं आहे. त्याआधी मला एक माहिती हवी आहे. मी घरात गुणगुणलेलं तुम्हाला हवं आहे की नको? नको असेल तर मी सवय मोडेन, त्यासाठी तुम्ही घर सोडायची गरज नाही. हवं असेल तर अडचण अशी की मला ते मुद्दाम जमत नाही. तुम्ही शेजारच्या खोलीत असलात तर कदाचित आपोआप येईल. दोन्ही उत्तरांना माझी तयारी आहे. कृपया शनिवार, २२ जूनपर्यंत कळवावे.