पासवर्डची चौकट

गुरुवार, संध्याकाळ. वाळूजच्या कंपनीतून आत्ताच घरी आलो.

ईमेलमधली ती पासवर्डची चौकट! टाकला की पुन्हा हजर. पाचच्या आत गेटपासचा मेल गेला नसता तर मालाची गाडी गेटवरच अडकली असती. वैतागून स्टोअरच्या नसरीन आपांवरच खेकसलो. त्यांनी शांतपणं विचारलं, "पासवर्ड कधी बदलला?"

"सोमवारी."

"मग जुना आत सेव्ह आहे, कम्प्युटर तोच पाठवतोय."

त्यांनी जुना काढून टाकला. "आता टाका नवा."

एकदाच टाकला. चौकट गेली ती गेलीच! मेल पाचच्या आत गेला.

पण डोक्यातून जात नाय ते दुसरंच. सकाळपासून मी पासवर्ड मोठ्यानं बोलत टाकत होतो, अख्ख्या ऑफिसला पाठ झाला असंल. तरी मी टाकताना आपांनी मान खिडकीकडं वळवली.