बाजाराचा ऑनलाइन कौल

१ मे २००४, शनिवार
महाराष्ट्र दिनाचा मुहूर्त साधून 'आपला बाजार, आपलं मत' ही वेबसाइट सुरू केली. पंचवटीतला भाजीबाजार गल्लीतच ठेवायचा की गावाबाहेरच्या नव्या ओट्यांवर हलवायचा, हे पावसाळ्यात ठरणार. महापालिकेतले साहेब म्हणाले, लोकांना विचारू. मी म्हणालो, ऑनलाइन विचारू. ते म्हणाले, विचारा. धोरण ठरवण्यात नागरिकांना ओढणारा सायबर कॅफेवाला नाशकात मी पहिलाच असावा.

सासूबाई याच बाजारात मेथी-गिलकी विकतात. लग्न होऊन आल्या तेव्हापासून देवळाच्या भिंतीलगत बसतात. म्हणूनच मी कुणाच्या बाजूने नाही. संस्थापकाने तटस्थ राहायचं असतं. सुवर्णाला हे समजावलं. तिने दळण आणायला पाठवलं.

३ मे
दोन मतं. एक माझं, चाचणीसाठी. दुसरंही माझंच, एकच माणूस दोनदा मत देऊ शकतो का ते पाहायला. देऊ शकतो. यंत्रणा भक्कम आहे.

९ मे
मत नाही. लग्नसराई आहे, ऊन आहे. नागरिक थकलेले आहेत. मीही. मत देणाऱ्याला कॅफेत दहा मिनिटं फुकट, अशी पाटी लावली. कॉलेजची पोरं आली, क्रिकेटचा स्कोअर पाहून गेली. लोकशाहीला वेळ लागतो.

१२ मे, दुपारी
बाजारात जाऊन जनजागृती केली. मी जावई, त्यामुळे सगळ्या बायका डोक्यावर पदर घेऊन नीट ऐकत होत्या. सासूबाईंच्या शेजारच्या लताबाई म्हणाल्या, "आम्ही इथंच बसतो, इथंच बसू. यात इचारायचं काय?" मी म्हणालो, मत कॉम्प्युटरवर नोंदवावं लागतं. सासूबाई माझ्याशी थेट बोलत नाहीत. त्या गिलक्यांकडे बघत लताबाईंना म्हणाल्या, "जावईबापूंना म्हणावं, आमचं तुम्हीच टाका. तुम्ही काय आमचं वाईट करणार हाय का?"

मी ठाम नकार दिला. दुसऱ्याच्या वतीने मत देणं तत्त्वात बसत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि प्रत्येकीने कोथिंबिरीची जुडी दिली. मोठा पाठिंबा आहे. घरी सुवर्णा म्हणाली, एवढ्या कोथिंबिरीचं करू काय?

२० मे
प्रश्न कळला. रिकाम्या साइटवर कुणी येत नाही. पुजारीसुद्धा आरतीच्या ताटात आधी स्वतःच दोन नोटा टाकून ठेवतो, मग भाविकांचा हात खिशात जातो. दुपारी कॅफे रिकामाच असतो. थोडी मतं टाकली. सगळी पहिल्या पर्यायाला, म्हणजे 'बाजार हलवावा'ला गेली, कारण तेच बटण वर आहे. 'आहे तिथेच राहावा' खाली आहे आणि मध्ये माझा रंगीत फोटो आहे. तो उघडेपर्यंत चहा होतो. फोटो लहान करायला हवा. उद्या करतो. मग खालच्या बाजूलाही तेवढीच मतं टाकायची. तटस्थता म्हणजे तटस्थता.

२ जून
भारनियमन. वीज आहे तेवढ्यात वरच्या बाजूला आणखी थोडी टाकली, उत्साह टिकावा म्हणून. खालची बाजू राहिली. फोटो लहान केला तर चेहरा ओळखू येत नाही.

१५ जून, मंगळवार
साहेबांनी अचानक निकाल मागवला. रंगीत प्रिंट काढून नेली. सगळं 'हलवावा'चं निळं वर्तुळ, त्यात 'आहे तिथेच'ची पिवळी फट कुठेच नाही. साहेब बराच वेळ बघत राहिले. "एवढा प्रतिसाद? आणि एकमुखी?" चहा मागवला. स्पेशल. मी सांगणार होतो की ही सुरुवातीची मतं आहेत, वातावरणनिर्मितीची. तेवढ्यात त्यांना फोन आला. शिवाय चहा चांगला होता. सविस्तर खुलासा ईमेलने पाठवायचं ठरवलं. लेखी बरं पडतं.

सुवर्णाने विचारलं, काय झालं? म्हणालो, सकारात्मक.

२८ जून
ईमेल पाठवून आठवडा उलटला. उत्तर नाही. चौकशीला गेलो. साहेबांचा कॉम्प्युटर प्लॅस्टिकच्या कव्हरात आहे, वर जास्वंदीचं फूल. शिपाई म्हणाला, दसऱ्याला उघडतो. साहेब दौऱ्यावर. तोंडी सांगायला परत जायला हवं. पाय दुखतात. पुढच्या आठवड्यात.

६ जुलै
पेपरात आलं. 'ऑनलाइन जनमताचा आदर, भाजीबाजार हलणार.' खाली माझं नाव, तंत्रसहाय्य म्हणून. सुवर्णाने बातमी दोनदा वाचली. पेपर पसरून त्यावर भाजी निवडायला बसली. नेमकं माझ्या नावावर.

२० जुलै
बाजार हलला. नवे ओटे स्वच्छ आहेत, पण तिकडे माणूस फिरकत नाही. सासूबाईंना दोनदा रिक्षा बदलावी लागते. सुवर्णा म्हणाली, आई काल मेथी तशीच घेऊन परत आली. देवळाच्या भिंतीलगत आता स्कूटर लावतात. मी म्हणालो, बदलाला वेळ लागतो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी दळण आणायला स्वतःहून गेलो.

१ ऑगस्ट, रविवार
धोंड्याचा महिना. जावयाला बोलावणं आलं. काहीतरी कारण काढावं असं फार वाटलं, पण जावयाने जायचं नाही तर कुणी.

सासूबाईंनी पाय धुतले, कुंकू लावलं, अनारशांचं ताट हातात दिलं. पुरणाचे धोंडे पानात वाढले, वर तूप. दारामागे कालची मेथी पोत्यावर पसरलेली, पिवळी पडलेली.

पदर सावरत त्या सुवर्णाला म्हणाल्या, "जावईबापूंना इचार, त्या कॉम्प्युटरात मही जागा मागितली व्हती ना त्यांनी? नाय, मी सांगितलं व्हतं म्हून."

सुवर्णाने विचारलं नाही. मी म्हणालो, मतदान गुप्त असतं.

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "त्यांनी मागितली असंल. बाकीचे लय झाले असतील." आणि माझ्या पानात अजून एक धोंडा वाढला.

संध्याकाळी कॅफे उघडला. साइट अजून चालू आहे. फोटो उघडेपर्यंत बसून राहिलो. आधी कपाळ आलं, मग डोळे, मग मिशी. मग खालचं बटण दिसलं. दाबलं.

'आहे तिथेच राहावा': पहिलं मत. प्रतिसाद येतो आहे.